मिरचीवर आळ, सुपारीचं काम : तोंड न उघडण्याच्या आजाराची गोष्ट

एपिसोड सुरू करण्याआधी एक छोटं काम. हाताची मधली तीन बोटं जुळवा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये उभी बसवून बघा. म्हणजे एक बोट वरच्या दाताला टेकेल, एक खालच्या. जातात तिन्ही? गेली असतील तर छान, ऐकत राहा. दोनच गेली असतील, तर हा एपिसोड खास तुमच्यासाठी आहे.

मी निलंग्याचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या शाळेतल्या एका मित्राची दोनच बोटं जातात. वय अठ्ठावीस. अकरावीपासून पुडी खातो. जेवताना तोंड झोंबतं म्हणून त्यानं ठेचा सोडला, रश्शाची तर्री सोडली, घरात भाजी त्याच्यासाठी वेगळी होते. पुडी मात्र चालू आहे. त्याचं म्हणणं असं की तिखटानं तोंड आतून कडक होतं.

हसू नका. कारण साठ वर्षांपूर्वी मुंबईतल्या अतिशय हुशार माणसांनाही हाच संशय आला होता, आणि त्यांनी तो प्रयोगशाळेत तपासून बघितला होता. आजची गोष्ट त्यांची आहे. आणि सोबत आपल्या शरीरातल्या एका गोष्टीची, जिच्याकडं विज्ञानानंही बरीच वर्षं नुसता भराव म्हणून पाहिलं.

पाच बायका आणि एक सर्जन

१९५२ साल. श्वार्ट्झ नावाच्या एका डॉक्टरनं केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाचं वर्णन लिहिलं. आतली कातडी पांढुरकी, ताठर, तोंड नीट उघडत नाही. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घशाचे सर्जन एस. जी. जोशी यांनी असेच पेशंट नोंदवले आणि आजाराला नाव दिलं. टाळू आणि घशाच्या बाजूच्या कमानी यांचा 'सबम्युकस फायब्रोसिस'. आज डॉक्टर त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

(तेव्हा आपलं निलंगा महाराष्ट्रात नव्हतंच बरं का. हैदराबाद राज्यात होतं, बीदर जिल्ह्यात. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा आपण इकडं आलो.)

जोशींनी दिलेलं नाव नीट ऐका. 'म्युकस' म्हणजे तोंडाच्या आतलं ओलसर अस्तर. 'सब' म्हणजे त्याच्या खाली. 'फायब्रोसिस' म्हणजे तंतूंची नको तितकी दाटी. म्हणजे बिघाड आहे तो अस्तराच्या खाली. सगळी गोष्ट या 'खाली' शब्दात आहे.

तीन वर्षांनी चिंता वाढली. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालेलं. तिथले सर्जन जे. सी. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये गालाच्या आतल्या कॅन्सरच्या ६५० पेशंटांचा अभ्यास छापला, आणि या ताठर तोंडांचा कॅन्सरशी संबंध असल्याचं दाखवून दिलं. आता प्रश्न फक्त तोंड उघडण्याचा राहिला नव्हता. कडक होतंय ते खालचं, मग कॅन्सर वरच्या अस्तरात का व्हावा?

अस्तराच्या खाली काय असतं?

इथं थोडं बायोलॉजी. घाबरू नका, मीही बारावीनंतर ते सोडलेलं आहे.

गालाच्या आतून जीभ फिरवा. जे गुळगुळीत लागतं ते अस्तर, म्हणजे एपिथेलियम. पेशींचे थर एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले. या थरांमध्ये रक्तवाहिनी एकही नाही. त्यांच्या खाली एक अगदी पातळ पडदा असतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. आणि पडद्याच्या खाली एक गादी. गादीत कोलॅजनच्या सुतळ्या, इलॅस्टिनचे रबरासारखे धागे, त्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारं जेलीसारखं काहीतरी. रक्तवाहिन्या या गादीतून जातात. आणि मध्ये मध्ये विखुरलेल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, म्हणजे ही सुतळी वळणारे कामगार.

पेशींच्या बाहेरच्या या सगळ्या बांधकामाला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. आपण नुसतं मॅट्रिक्स म्हणू. सिनेमाशी संबंध नाही.

आमच्याकडची उपमा द्यायची तर काळ्या जमिनीची देईन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून घर बांधताना मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदायला सांगतो. भिंतीला तडा गेला की जुनी माणसं आधी पाया कसा आहे ते विचारतात. पेशीचंही तसंच आहे, पण एक फरक आहे. भिंतीला जमीन कळत नाही, पेशीला कळते. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले आकडे असतात, त्यांना इंटिग्रिन म्हणतात. आकड्याचं एक टोक बाहेर मॅट्रिक्सच्या धाग्याला, दुसरं टोक आत पेशीच्या सांगाड्याला. पेशी त्याला ओढून बघते. खालची गादी मऊ आहे की ताठ, हे तिला त्यातून समजतं, आणि कोणते जीन चालू ठेवायचे, कोणते बंद, यावर त्याचा परिणाम होतो.

जोशी-पेमास्टरांच्या काळात यातलं फारच थोडं माहीत होतं. कोलॅजनची रचना नेमकी त्याच दिवसांत उलगडत होती, आणि तीही भारतात. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये सांगितलं की कोलॅजन म्हणजे तीन पेडांची वेणी. एका शहरात कोलॅजनची वीण समजत होती, दुसऱ्या शहरात तेच कोलॅजन माणसांची तोंडं आवळत होतं.

मिरचीचा खटला

आता मुंबईच्या प्रयोगशाळेत चला. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर १९५२ मध्ये उभं राहिलं. प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचे एक आद्य नाव. त्यांच्यासोबत सत्यवती सिरसाट. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हे यंत्र देशात नवखं होतं, तेव्हा कॅन्सरच्या अभ्यासासाठी ते वापरायला शिकलेल्या पहिल्या भारतीय संशोधकांपैकी त्या एक. १९५७ मध्ये दोघांनी या आजाराचे टाळूचे नमुने त्या यंत्राखाली घातले आणि तंतूंच्या त्या दाटीत नजर घातली.

मग प्रश्न आला, हे होतं कशानं? पेशंट सांगायचे, तिखट खाल्लं की आग होते. भारतीय माणूस, त्यात मिरची. संशय साहजिक होता. १९६० मध्ये सिरसाट आणि खानोलकरांनी प्रयोग छापला. व्हिस्टार जातीचे उंदीर घेतले, आधी त्यांच्या आहारात कमतरता ठेवली, मग टाळूला कॅप्सेसिन लावलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीला तिखट बनवणारं रसायन. टाळूत आजारासारखे बदल दिसले. झालं, मिरची आरोपीच्या पिंजऱ्यात.

पण या दोघांचं मोठेपण असं की ते तिथं थांबले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी सुपारीतलं अरेकोलीनही उंदरांच्या तोंडात लावून तपासलं. म्हणजे दुसरा संशयित तेव्हाच टेबलावर होता.

१९६६ मध्ये कोपनहेगनचे जेन्स पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी मिळून आजाराची व्याख्या लिहिली. जगभर आजही तीच वापरतात. माझ्या भाषेत तिचं सार सांगतो : आधी अस्तराला लागून खालच्या बाजूला दाह होतो, मग खालच्या गादीत तंतू वाढतात, वरचं अस्तर पातळ होत जातं, आणि शेवटी तोंड ताठरतं. अस्तर पातळ होतं, ते खालच्या बदलासोबत. क्रम लक्षात ठेवा.

मिरचीची केस पुढं ढिली पडत गेली. १९७४ मध्ये दुसऱ्या एका गटानं हॅमस्टरच्या टाळूला कॅप्सेसिन लावलं, तसं काही झालं नाही. आणि साधा प्रश्न होताच. मेक्सिकोतही लोक भरपूर मिरची खातात, तिथं हा आजार का नाही?

मग तिखट झोंबतं का? कारण अस्तर पातळ झालेलं असतं. झोंबणं हे आजाराचं लक्षण आहे, कारण नव्हे. आम्ही डीबगिंग करताना हेच होतं. जिथं एरर दिसते ती ओळ दोषी वाटते, खरा घोळ शंभर ओळी आधी झालेला असतो.

गावोगाव जाऊन मोजणी

खरा आरोपी मायक्रोस्कोपनं पकडला नाही, मोजणीनं पकडला.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हटलं की आपल्याला फिजिक्स आणि गणित आठवतं. पण तिथं दातांच्या संशोधनाचाही एक विभाग होता, फली मेहता यांचा. या लोकांनी ठरवलं की हॉस्पिटलात येणाऱ्या पेशंटांवर थांबायचं नाही, गावात जायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी पाच जिल्ह्यांतल्या पन्नास हजारांहून जास्त खेडुतांची तोंडं तपासली. भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंहभूम आणि दरभंगा. पुणे जिल्ह्यात तर १,०१,७६१ माणसं तपासली, आणि तो अभ्यास १९७२ मध्ये छापून आला. ना मोबाईल, ना एक्सेल. बॅटरी, आरसा आणि कागदाचे फॉर्म. मी रोज डेटासोबत काम करतो, म्हणून सांगतो, एक लाख माणसांची तोंडं स्वतः बघून भरलेला डेटा ही काय चीज आहे याची आज कल्पना करणंही अवघड आहे.

एर्नाकुलममध्ये या आजाराचे ६६ पेशंट सापडले, त्यांच्यावर १७ वर्षं लक्ष ठेवलं. पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे ७.६ टक्के. हे १९८५ मध्ये छापलं गेलं.

१९९० मध्ये भावनगरचा अभ्यास आला. ६० पेशंट आणि तेवढीच आजार नसलेली माणसं. पेशंटांपैकी जवळजवळ सगळे सुपारी खाणारे निघाले. दुसऱ्या गटात सुपारी खाणारे साधारण एक तृतीयांश. मिरची तर दोन्ही गट खात होते.

सुपारी नेमकं काय करते?

आपल्याकडं सुपारीला केवढा मान! पूजेत गणपती म्हणून मांडतो, लग्न ठरलं की सुपारी फुटते, पाहुण्याला पान-सुपारी देतो. आणि एखाद्याचा काटा काढायचा असेल तर त्याचीही सुपारीच देतात. हा शेवटचा अर्थ आजच्या विषयाला जास्त लागू आहे.

१९८० च्या दशकात लंडनमध्ये डब्ल्यू. हार्वे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या गालातले फायब्रोब्लास्ट काचेच्या भांड्यात वाढवले आणि त्यांना सुपारीतली रसायनं दिली. कामगार जोरात कामाला लागले, कोलॅजन जास्त बनू लागलं. हा पहिला मार.

दुसरा मार टॅनिनचा. शरीर जुनं कोलॅजन सतत तोडत असतं आणि नवं घालत असतं. सुपारीतलं टॅनिन कोलॅजनला चिकटतं, मग ते तुटता तुटत नाही. कातडं कमावताना बाभळीची साल वापरतात ना? तिच्यातही टॅनिनच असतं. कच्चं कातडं कुजतं, कमावलेलं वर्षानुवर्षं टिकतं. सुपारी खाणारा स्वतःचा गाल आतून कमावत असतो.

तिसरा मार तांब्याचा. सुपारीत तांबं भरपूर असतं. कोलॅजनच्या सुतळ्या एकमेकींना बांधणारं लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तांब्यावर चालतं. म्हणजे सुतळी जास्त, तुटणं कमी आणि गाठी पक्क्या.

यात अस्तरही नुसतं बघत बसत नाही. पुढच्या संशोधनात दिसलं की सुपारीच्या रसायनांनी अस्तराच्या पेशींवर एका विशिष्ट इंटिग्रिनचं प्रमाण वाढतं, त्यातून टीजीएफ-बीटा नावाचा निरोप खाली जातो, आणि खालचे कामगार आणखी पेटतात. वरून खाली निरोप, खालून वर ताण. चक्र.

जमीन पेशीला काय सांगते?

आता पेमास्टरांच्या काळातल्या प्रश्नाकडं येऊ. खालचं मॅट्रिक्स कडक झालं तर वरच्या अस्तराला कॅन्सर का?

अमेरिकेत बर्कलीला मीना बिसेल नावाच्या इराणमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञ आहेत. १९८२ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत मांडलं की मॅट्रिक्स आणि पेशीतले जीन यांच्यात दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. तेव्हा अनेकांना हे पटलं नव्हतं. सगळा जोर डीएनएवर होता. बिसेल यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की उंदराच्या स्तनातल्या पेशी सपाट प्लॅस्टिकवर ठेवल्या तर दूध बनवायचं विसरतात. त्याच पेशी योग्य मॅट्रिक्सच्या जेलीत ठेवल्या की गोल पोकळ गोळे करून बसतात आणि पुन्हा दुधाची प्रथिनं बनवतात. डीएनए तोच.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. कोड तोच, पण माझ्या लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरवर कोसळतो. आपण कोड शंभरदा वाचतो, एन्व्हायर्नमेंट बघतच नाही.

१९९७ मध्ये त्याच गटातल्या व्हॅलरी वीव्हर यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. कॅन्सरच्या पेशींवरचा एक इंटिग्रिन अडवला, तर त्या प्रयोगशाळेतल्या जेलीत पेशी पुन्हा शहाण्यासारख्या, नीट गोल रचना करून वागू लागल्या. जीनमधले बिघाड तसेच होते. आणि २००५ मध्ये वीव्हर यांच्या गटानं उलटं दाखवलं. जेली कडक केली की चांगल्या पेशींची शिस्त मोडते आणि त्या वाढीकडं झुकतात.

हे स्तनाच्या पेशींचे प्रयोग. आता तोंडावर आणा. गादी ताठ झाली, रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या. अस्तरात स्वतःची रक्तवाहिनी नाही, त्याचा सगळा पुरवठा खालून. मग ऑक्सिजन कमी, थर पातळ. अशा पातळ अस्तरावर रोज पुन्हा सुपारी, आणि तिच्यापासून तयार होणारी नायट्रोसामाइन नावाची कॅन्सरकारक रसायनं. आतून खालची जमीन बिघडलेली, वरून मारा चालू. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सुपारीला, तंबाखू नसली तरीही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐका.

पुडीनं वेळ खाल्ली

जुन्या पानात हिरवं पान असायचं, ओलावा असायचा, आणि खायला जेवणानंतरचा वेळ असायचा. पुडीत वाळलेल्या सुपारीचा चुरा, कुठेही, कधीही, दिवसाला पंधरा-वीस. १९९६ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी लिहिलं की पानमसाला-गुटखा खाणाऱ्यांना हा आजार सरासरी २.७ वर्षांत झाला, तर पान खाणाऱ्यांना ८.६ वर्षांत. १९९८ मध्ये भावनगरच्या आकड्यांवरून नवी साथ येतेय का, असा प्रश्न विचारला गेला, कारण पेशंट तरुण होत चालले होते.

महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती पुढं वाढवत नेली. आता टपरीवर दोन वेगळ्या पुड्या मिळतात, एकीत सुपारी, दुसरीत तंबाखू, आणि गिऱ्हाईक तळहातावर मिसळतं. कायद्यानं पुडी फोडली, तोंडात ती पुन्हा एक होते.

मग करायचं काय?

हा आजार घरी बरा होत नाही, आणि एकदा पक्कं झालेलं कोलॅजन पूर्ण मागे जात नाही. पण जेवढं लवकर तेवढं बरं. डॉक्टर आधी सुपारी बंद करायला सांगतात. मग गालात इंजेक्शनं देतात, त्यात हायल्युरोनिडेज असतं, म्हणजे मॅट्रिक्समधली जेली सैल करणारं एन्झाइम. सोबत तोंड उघडण्याचे व्यायाम. फार पुढं गेलं तर ऑपरेशन करून पट्टे कापतात. बघा, हे सगळे उपाय खालच्या जमिनीवरचे आहेत. आणि अस्तरावर नजर ठेवायला दर काही महिन्यांनी तपासणी, कारण सुपारी सोडली तरी धोका लगेच शून्य होत नाही. सरकारी डेंटल कॉलेजात किंवा लातूर-नांदेडच्या हॉस्पिटलात दाखवता येतं.

मित्राला मी एवढंच सांगितलंय की ठेचा आधी सोडला, ठीक आहे, झोंबत असेल तर नको खाऊ. पण केस मिरचीवर नाही. केस सुपारीवर आहे, आणि ती पन्नास वर्षांपूर्वीच उभी राहिली आहे. तो अजून डॉक्टरकडं गेलेला नाही. पुढच्या सुट्टीत त्याला गाडीत घालून लातूरला नेणार आहे.

तुमच्या ग्रुपमध्ये असा कोणी असेल तर त्याला लिंक नुसती फॉरवर्ड करू नका, समोर बसवून तीन बोटांची चाचणी करायला लावा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.